वहिनीच्या हातातला खेळ

माझा दादा धारला राहतो, मी देवासला. लहानपणी घरात एकच संगणक होता आणि त्यावर आम्ही दोघं रोल-प्लेइंग गेम खेळायचो. त्यात कुठं जायचं ते कुणी सांगत नसे. गावातल्या प्रत्येकाशी बोलायचं, तो इंग्रजीत काय म्हणाला ते डिक्शनरीत बघायचं, मग वाट शोधायची. एका गुहेचं दार सापडायला आमची अख्खी दिवाळीची सुट्टी गेली होती.

पुढं नव्या गेममध्ये जमिनीवर सोनेरी बाण दिसायला लागले. बाणामागं चालत राहायचं, बस्स. "हा काय खेळ झाला? बोट धरून फिरवतात नुसतं," दादा म्हणायचा. मलाही तसंच वाटायचं.

गेल्या वर्षी दादाला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात अशक्त झाला आणि बोलणं अडलं. समजायचं सगळं, तोंडून मात्र "हो", "नको", "पाणी" एवढंच यायचं. तासन्‌तास गप्पा झोडणारा माणूस असा गप्प बसलेला बघवत नसे.

मी माझा गेमचा कन्सोल घेऊन धारला गेले. सगळ्यात सोपी पातळी लावली आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला. बाण दिसताच त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. "नको," म्हणाला आणि कंट्रोलर पलंगावर टाकला. मला रडूच आलं.

वहिनी शेजारी बसली होती. तिचं माहेर हाटपिपल्याचं, बोलण्यात निम्मी हिंदी. "लाओ, मी बघते. इसमें क्या है," म्हणत तिनं कंट्रोलर उचलला. जन्मात गेम न खेळलेली बाई, गावातली माणसं मागं टाकत, बाण बघत सरळ जंगलात शिरली आणि लांडग्यानं तिला खाल्लं.

"अरे, मैं तो मर गई!"

पुन्हा गेली, पुन्हा मेली. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, आधी... गावात बोल. म्हातारीशी बोल. मग जा."

आम्ही दोघी गर्रकन वळलो. "काय म्हणालात?" वहिनीनं विचारलं.

दादा चिडलाच. "म्हातारी! ती... विहिरीजवळची!"

वहिनी म्हातारीशी बोलली. म्हातारीनं ढाल दिली, लांडगा मेला. वहिनी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून नुसती उभी राहिले.

स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, हे चालू ठेवा. तेव्हापासून वहिनी रोज खेळते आणि दादा तिला सूचना देतो. शब्द अजून अडखळतात, पण वाक्यं पुरी होतात.

गेम सोपे झालेत, यात वाद नाही. पण आमच्या वेळचा गेम असता तर वहिनीनं सुरुवातीलाच हात टेकले असते, आणि दादाला ओरडायला कुणी मिळालं नसतं.

परवा फोनवर त्यानं मला बराच वेळ ऐकवलं, की यातला राक्षस फारच लवकर मरतो, अगदीच पुचाट आहे. मागून वहिनी म्हणाली, "तो आप ही मारो ना!" मग दोघांची जुंपली. मी फोन न ठेवता ऐकत बसले.