चार बोटं माया

माही भावजय माधवी अमरावतीले राजापेठेत शाळेचे युनिफॉर्म शिवते, आन तिच्याशी भांडून आजवर कोनी जिंकलं नाई. मी तिची सख्खी नणंद, चांदूर बाजारची लीलाबाई. गावात माह्या तोंडाले सगळे भितात. तरी मी हरली. कशी हरली ते सांगतो.

तिची पोरगी आचल तवा दुसरीत होती, साडेसात वर्षाची. लेकराचा फ्रॉक शिवताना माधवी खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवते. त्याले शिवणकामात माया म्हनतात. पोर वाढलं की टाके उसवायचे, फ्रॉक लांब. एवढी माया दोन वर्ष पुरते. आचलची जून ते दिवाळीतच संपली. आमी सगळे खूश! माहा भाऊ गोपाल बडनेऱ्याले रेल्वेत आहे. तो तर सांगत सुटला, पोरगी माह्यावर गेली म्हनून. माधवी तेवढी घडीघडी तिचं माप घेत होती. तिच्या टेपवर छातीचं मापही वाढून राहिलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आचल माह्याकडे आली, आन एका सकाळी तिच्या चड्डीले डाग दिसला. मले बाई आनंदच झाला. पोरगी शहाणी झाली! पहिली पाळी आली की आमच्याकडे असंच म्हनतात. मी लगेच ओटी भरायले हिरवं लुगडं आनलं, नारळ आनला, आन शेजारच्या तीन घरी सांगूनही आली.

दुसऱ्या दिवशी माधवी आली. लुगडं पाहून भडकली. "शहाणी? ताई, तिले अजून घड्याळ वाचता येत नाई!"

"अवं, देवाची मर्जी. लवकर आलं तर लवकर आलं."

"देवाले राहू द्या. मी डॉक्टरले विचारतो."

अकोल्याले हार्मोनचे डॉक्टर आहेत, त्यायच्याकडे गेलो. मीही संग गेली, म्हटलं पाहू तरी. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, तो चांगला निघाला. मंग डाव्या हाताचा एक्सरे. पोरगी साडेसात वर्षाची, हाडं साडेदहा वर्षाची! मले काही उमजलं नाई. माधवीनं बाहेर बाकावर बसून समजावलं.

"ताई, उंचीची माया हाडात असते. हिची सगळी आत्ताच उसवून राहिली. संपली की वाढ थांबन, पोरगी बुटकी राहीन. आन दुसरीतल्या लेकरानं पाळी कशी सांभाळायची, सांगा."

आता मले उमजलं. तरी जिभेले हाड नाई माह्या. पाळी आन हाडायची घाई थांबवायले दर अठ्ठावीस दिवसाले इंजेक्शन, तेही काही वर्ष, म्हटल्यावर मी बोंबलली, "अशानं पुढं पोरीले लेकरं होनार नाईत!"

"तेही विचारलं. होतात. इंजेक्शन बंद केलं की पाळी आपोआप सुरू होते."

पहिल्या खेपेले आचलनं दवाखाना डोक्यावर घेतला. सहाव्या खेपेले नर्सलेच म्हने, "डाव्या पायात द्या. उजव्यावर मले लंगडी खेळायची आहे."

माह्या पोराची, श्रावणची, हळद नेमकी इंजेक्शनच्याच दिवशी आली. म्हटलं, मामी हळदीले नसली तर लोक काय म्हनतीन? माधवी म्हने, "इंजेक्शन लोकायले द्यायचं नाई." गेली सकाळच्या गाडीनं अकोल्याले. हळद लागून गेल्यावर मायलेकी दारात. मी दोन महिने तिच्याशी बोलली नाई.

इंजेक्शन सुरू होऊन दीड वर्ष झाल्यावर, ह्या जूनमधे, काही काम होतं म्हनून नाई, उगीचच जीव राहिला नाई म्हनून मी राजापेठेत गेली. दुकानात ही गर्दी. आन आचलच्या अंगात मागच्या वर्षीचा फ्रॉक.

"काहून वं, शिवणारनीची पोरगी आन जुना युनिफॉर्म?"

माधवीनं कैची टाकली आन फ्रॉकचा घेर उलटा करून दाखवला. "वर्ष झालं ताई. दोन बोटं माया अजून शिल्लक आहे! कालच एक्सरे झाला. वर्षभरात हाडं सहाच महिने पुढं गेली."

गिऱ्हाइकासमोर ती हसूनही राहिली होती आन रडूनही. मले कुठलं राहवते! तिच्या गळ्यात पडली. म्हटलं, "जिंकली वं माय तू!"

पुढच्या खेपेले ते हिरवं लुगडं नेलं आन तिच्या मशीनवर टाकलं. "काप."

"ताई, हे ओटीचं आहे."

"काप म्हटलं ना. पोरीले फ्रॉक शिव. आन माया आखडून ठेवू नको."

तो हिरवा फ्रॉक घालून आचल चांदूर बाजारले आली. मी तिचा हात धरला आन त्याच तीन घरी नेली. प्रत्येक दारात सांगितलं, "मागं मी चुकीचं बोलली. आमची आचल लहान आहे. समजलं?"

तिसऱ्या घरी आचलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आत्या, सव्वापाच झाले. खेळायले जाऊ?"

म्हटलं, "जा."