आत हाय का वर?

छबूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकताच स्लाईडवर रंग ओतला होता. तो चढायला जितकी मिनिटं लागतात तितकी तशीच उभी राहिले, स्लाईड धुतली आणि मगच खुर्चीत बसून रडले. स्लाईड वाया घालवली असती तर ती चिडली असती... आता तीन आठवडे झाले. भेटेल तो तिच्या नजरेचं कौतुक करतो, आणि खरं सांगते, माझ्या अजूनही पोटात दुखतं.

नगरच्या आमच्या लॅबमध्ये ती माझ्या कितीतरी आधीपासून होती. पाथर्डीकडची. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, ही मावशीकडे राहून शिकली. लॅबमध्ये आली ती काचा धुवायला. कोर्स नंतर, नोकरी सांभाळून केला. मी डिप्लोमा पहिल्या वर्गात काढून ऐटीत आलेली. पण जरा अवघड स्लाईड आली की आमच्या डॉक्टर मॅडम म्हणायच्या, "छबूला दाखवा." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. 'मेली!' मी मनातल्या मनात म्हणायचे आणि स्लाईड तिच्यापुढे सरकवायचे.

पहिल्याच वर्षी मी एका रक्तात मलेरिया शोधून काढला. तांबड्या पेशीत जांभळा ठिपका, अगदी पुस्तकातल्यासारखा. रिपोर्ट लिहायला घेतला तोच छबूताईने मायक्रोस्कोपला डोळे लावले आणि फोकसचं बारीक चाक किंचित मागेपुढे केलं.

"निशा, ह्यो ठिपका आत हाय का वर बसलाय?"

"आत."

"नीट बघ. पेशी साफ दिसती तवा ठिपका पुसट हुतो. वर बसलाय त्यो. प्लेटलेट हाय, मलेरिया न्हाई."

मॅडमना तिने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान उघड भांडता आलं असतं. पुढे 'आत हाय का वर?' हे तिचं पालुपदच झालं, आणि दर वेळी मला ती चूक आठवायची.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी, डबा न उघडताच, तिने नाव नसलेली एक स्लाईड माझ्यापुढे ठेवली. "जरा बघ गं. मला उमजंना."

मला उमजंना! इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकत होते. हरखून मी पांढऱ्या पेशी पाहिल्या. मोठ्या, कच्च्या, एकीसारखी दुसरी.

"ब्लास्ट आहेत, ताई. रक्ताचा कॅन्सर. यात न उमजण्यासारखं काय आहे?"

माझा चढलेला आवाज मला अजून ऐकू येतो.

"बरुबर," ती म्हणाली. "माजंच रगात हाय ते."

मॅडमना मात्र तिने कौतुकाने सांगितलं, "निशानं वळखलं. मला जमलं न्हाई." तेव्हापासून अवघड स्लाईड माझ्याकडे येतात. एवढ्या दुःखातही त्या एका वाक्याचा मला आनंद होता... लाज वाटते, पण होता.

परवा तिचा खण आवरला. ती स्लाईड कागदात गुंडाळून ठेवलेली होती. कागदावर पेन्सिलने, तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'ब्लास्ट. माझे. उद्या निशाला दाखवायचे, तिला ओळखू दे.'

म्हणजे तिथेही तिनेच आधी ओळखलं होतं.

"मेली!" नेहमीच्याच रागाने माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मग तो शब्द माझा मलाच ऐकू आला.