आठ बॅटऱ्यांची मांडणी

गडचिरोलीच्या बसस्थानकामागे माझ्या बाबांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे तीन बाजूंनी पत्रे, पुढे फळ्या, आत एक जुना चार्जर आणि भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर. बाबा चौथी शिकलेले. बल्लारपूरला ट्रकच्या गॅरेजात राबता राबता ते बॅटरीचं काम शिकले आणि मग कुणाच्या हाताखाली राहायचं नाही म्हणून इथे येऊन बसले. ना विडी, ना दारू. हाताखाली राहायचं नाही, एवढंच त्यांचं व्यसन.

त्या काळात जंगलातल्या गावांत वीज नव्हती, पण टीव्ही होते. काळे-पांढरे, लहान, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारे. बॅटरी उतरली की माणूस ती पोत्यात बांधून एसटीत टाकायचा, नाहीतर सायकलच्या कॅरियरला. बाबा तिच्यावर खडूनं मालकाचं नाव लिहायचे, गावाचं लिहायचे, आणि खाली ठळक अक्षरांत 'टीव्हीची' असं लिहायचे. नक्षल्यांच्या सुरुंगालाही बॅटरी लागते, म्हणून वाटेत पोलिसांची चौकशी असायची. जंगलात बॅटरी नेणाऱ्याला ती कशासाठी नेतो हे चार ठिकाणी सांगावं लागे. बाबांच्या अक्षरातलं 'टीव्हीची' पाहिलं की पुष्कळदा तेवढ्यावर भागायचं. आमच्याकडच्या माणसाच्या मनात बॅटरी म्हणजे हे असं होतं. ती बाहेर काढायची, दुकानात न्यायची, एक दिवस ठेवायची, परत आणायची. बॅटरी घरी चार्ज होते, असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. घरी वीज असती तर बॅटरी कशाला लागली असती?

पुढे खांब आले. कुठे सरकारी सोलर प्लेटा आल्या. दुकानातली बॅटऱ्यांची रांग आखडत गेली. जी काही वीज यायची तिच्यावर भारनियमन, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. शेजारी चंद्रपूरला वीजकेंद्राची धुराडी रात्रंदिवस पेटलेली आणि आमचा चार्जर दिवसाचे आठ तास मुका. मी तेव्हा विनाअनुदानित शाळेत शिकवत होते. पगाराच्या नावानं शंखच होता, पण बी.ए. झालेली, इंग्रजी येणारी घरात मी एकटी, त्याची ऐट मात्र माझ्या नाकावर होती. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच होतो.

अशात एक दिवस नागपूरच्या गाडीवरचे ड्रायव्हर भाऊ वर्तमानपत्र घेऊन आले. बाबांचे ते जुने दोस्त. गाडी लावली की चहा आमच्या दुकानात. बंगळूरची एक कंपनी विजेवर चालणारी मोटार बनवते, ती आता नवीन काहीतरी जाहीर करणार आहे, अशी चार ओळींची बातमी होती. काय जाहीर करणार, ते लिहिलेलं नव्हतं. तेवढंच पुरलं.

"वरच्या तारीले दांडी लावून चालन पाय," ड्रायव्हर भाऊ म्हणाले.

"आपल्या रस्त्यानं तार हाये कुठी?" बाबा म्हणाले. "ते बॅटरीवर चालन. बॅटरीबिगर दुसरं काय हाये?"

मग रोज दुकानात एक नवी गाडी तयार होऊ लागली. कधी ती सहा सिटांची असे, कधी तीन चाकांची. एकदा तर तिच्यात नुसतं बटण होतं आणि क्लच, गेअर काहीच नव्हतं, तेव्हा ड्रायव्हर भाऊ दोन दिवस रुसून होते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं मी म्हणायचे आणि दोघंही माझ्याकडे दुर्लक्ष करायचे. मला गंमत वाटायची. बाबांना नाही. त्यांच्या डोक्यात एकच हिशेब बसला होता आणि त्यांच्या अनुभवानं तो चोख होता: गाडी बॅटरीची आहे, तर बॅटरी उतरणार. उतरली की काढावी लागणार. काढली की कुणाकडे तरी न्यावी लागणार.

"हे जाहीर करून राह्यले ना, ते बॅटरीचंच असन," ते मला म्हणाले. "उतरलेली देऊन जा, भरलेली घेऊन जा. आमी तीस वर्षांपासून तेच करून राह्यलो. त्याइले ठिकठिकाणी दुकान लागन. गडचिरोलीत दुसरं कोण हाये?"

त्यांनी सागाच्या जुन्या फळ्या आणून एक लांब, बुटकी मांडणी ठोकली. गाडीला आठ बॅटऱ्या लागत असतील असा त्यांचा अंदाज होता, म्हणून आठ घरं. प्रत्येक घरावर खडूनं आकडा. मांडणी बुटकी का, तर गाडीच्या बॅटऱ्या जड, आणि वयस्क माणसाला उचलून ठेवता आल्या पाहिजेत. वयस्क माणूस म्हणजे ते स्वतः. तेजाबानं चाळणी झालेल्या शर्टात ते त्या रिकाम्या मांडणीसमोर उभे राहिले की मला हसू यायचं आणि मी तोंड फिरवायचे.

मग त्यांनी मला पत्र लिहायला लावलं. मी इंग्रजीत लिहिलं. इतकी वर्षं बॅटरीचं काम केलं आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी दुकान आहे, तुमच्या नव्या गाडीच्या बॅटऱ्यांचं काम आम्हाला द्यावं. बाबांनी खाली मराठीत सही केली, सावकाश, जीभ दातांत धरून. उत्तर येणार नाही याची मला खात्री होती, म्हणून मी निर्धास्त होते.

उत्तर आलं. जाड पांढरा कागद, वर रंगीत चिन्ह. पोस्टमननं ते दुकानात दिलं आणि बाबा ते घेऊन, हात धुऊन, भर दुपारी माझ्या शाळेत आले. व्हरांड्यात मी कागद उघडला. छापील तीन ओळी होत्या. तुमच्या पत्राबद्दल आभार, आम्ही लवकरच घोषणा करणार आहोत, आमच्याकडे लक्ष असू द्या. सगळ्यांना पाठवतात तो कागद. बाबा माझ्या ओठांकडे बघत होते. डोक्यावरची टोपी त्यांनी काढून हातात धरली होती.

"तुमचं नाव लिहून ठेवलंय त्यांनी," मी म्हणाले. "जाहीर झालं की कळवतो म्हणतात."

मला त्या वेळी ते खोटं वाटलंच नाही. घोट घोट पाणी पाजावं तसं वाटलं. बाबांनी कागद घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी खिशात घातली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. शाळेत, पोरांसमोर. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

खरी अडचण पंधरा दिवसांनी आली. धानोरा रोडवरच्या एका आश्रमशाळेच्या हेडमास्तरांनी बाबांना बोलावून घेतलं. त्यांच्याकडे जनरेटर होता, पंप होता, वसतिगृहाचं वायरिंग होतं. सांभाळायला माणूस हवा होता. राहायला खोली, जेवण, महिन्याचा पगार. बाबांची पासष्टी जवळ नव्हती, पण पाठ गेली होती आणि दुकानात आठवड्याला चार बॅटऱ्याही येत नव्हत्या. मी मनातल्या मनात हात जोडले. बाबा गेले आणि नाही म्हणून आले.

"म्या त्याइले कंपनीचं पत्र दाखवलं," ते म्हणाले. "आता दुकान बंद करून कसं चालन? नाव लिवलं हाये नं त्याइनं."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर मला शोधत शाळेत आले. सभ्य माणूस, पुण्याकडचा. कागद त्यांनी वाचला होता हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मी त्यांना काही बोललो नाही, बाई," ते म्हणाले. "ते इतक्या कौतुकानं दाखवत होते. पण तुम्ही सांगा. महिनाअखेरपर्यंत मी जागा धरून ठेवतो. त्यापुढे मला जमणार नाही."

मी मान डोलावली. सतरा दिवस होते.

पहिल्या दिवशी सांगायचं ठरवून गेले, तर बाबा मांडणीला वॉर्निश लावत होते. आणखी एकदा जेवताना सुरुवात केली, "बाबा, त्या पत्रात ना," आणि त्यांनी लगेच खिशातून पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली, अजून एकदा वाच म्हणाले. मी अजून एकदा तेच वाचलं. शब्दसुद्धा बदलले नाहीत. मला स्वतःचा इतका राग आला की भांडी आपटून घासली. त्यानंतर मी मूग गिळून बसले. वर्गात पोरांना 'सत्य बोलावे' फळ्यावर लिहून देणारी मी, चौथी शिकलेल्या बापापुढे तोंड उघडू शकत नव्हते. मनात एक हलकट आशाही होती. कोण जाणे, कंपनी तसंच काही जाहीर करेल. बाबांचा हिशेब खरा ठरेल. मग मला काही सांगावंच लागणार नाही. ज्या गाडीची मी टर उडवत होते तिची आता मीच बाबांपेक्षा जास्त वाट बघत होते. ड्रायव्हर भाऊंना रोज विचारायचे, आलं का काही?

महिना संपला. आश्रमशाळेत चामोर्शीकडचा एक माणूस लागला.

आणि त्यानंतर कंपनीनं गाडी जाहीर केली. ड्रायव्हर भाऊ पेपर घेऊन आले, पण नेहमीसारखे ओरडत आले नाहीत. रविवार होता, मी दुकानात होते. चित्रात गुळगुळीत, चिमुकली गाडी आणि तिच्या अंगातून निघून एका बंगल्याच्या भिंतीत गेलेली वायर.

"वाच," बाबा म्हणाले.

या वेळी मी सगळं वाचलं. गाडी मोठ्या शहरांत मिळणार. बॅटरी आतच बसवलेली, बंद. पाणी घालायला नको, काढायला नको. संध्याकाळी घरी आलं की घरच्याच प्लगला लावायची.

"घरच्या प्लगले," बाबा म्हणाले. वर टांगलेला बल्ब विझलेला होता. आमच्याकडे त्या वेळी वीज नव्हतीच. "अन् पाणी कोण पाह्यते?"

"कुणी नाही. लागतच नाही."

त्यांनी मांडणीकडे पाहिलं. मग सरळ बसले. "पण आपलं नाव तं लिवलं होतं. कळवतो म्हणे. मंग काऊन नाई कळवलं? घे कागद. पुस त्याइले, का नाव लिवून माणसाले असं ताटकळत ठेवता का म्हना."

मी कागद घेतला. पेन उघडलं. तारीख घातली. ड्रायव्हर भाऊ चहाचा ग्लास हातात धरून उभे होते. आणि मला पुढचं अक्षर लिहिता येईना.

"बाबा, त्यांनी नाव लिहिलंच नव्हतं," मी म्हणाले.

"मंग काय लिवलं होतं?"

त्यांनीच पिशवीतून कागद काढून दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता. मी तिन्ही ओळी जशाच्या तशा मराठीत सांगितल्या. वरचा मायनाही सांगितला, 'प्रिय ग्राहक'.

"गिराईक?" बाबा म्हणाले. "मी कुठी गिराईक होतो? मी तं दुकानदार हाव."

मी रडायला लागले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बोटानं मांडणीवरचा खडूचा आठचा आकडा पुसत राहिले, पुसला गेला तरी पुसत राहिले.

"हेडमास्तरले इंग्रजी येते नं?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"मंग त्याले मालूम होतं."

मी पेनाला टोपण लावलं.

"तुले मालूम. त्याले मालूम. अन् मी तो कागद खिशात घालून अख्ख्या बसस्टँडले दाखवत फिरलो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर दुकान आणखी दोन वर्षं चाललं, म्हणजे बाबा तिथे जाऊन बसत. मांडणीवर लोक बसून बसची वाट बघायचे. घरी आम्ही पूर्वीसारखं बोलायचो, भाजी काय, पाणी आलं का, तुझी शाळा कशी आहे. त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही. मी दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा ते "जाऊ दे नं बाई" म्हणाले आणि खरंच विषय जाऊ दिला.

फक्त माझ्याकडून काही वाचून घेणं त्यांनी सोडलं. पुढे त्यांना धाप लागू लागली. ड्रायव्हर भाऊंनी त्यांना नागपूरच्या दवाखान्यात नेऊन तपासून आणलं आणि आठवड्यानं इंग्रजीत टाईप केलेला दोन पानी रिपोर्ट आला. बाबांनी तो जुन्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातला, टोपी घातली आणि ड्रायव्हर भाऊंकडे वाचून घ्यायला गेले. ड्रायव्हर भाऊंना इंग्रजी येत नव्हतं, हे बाबांना ठाऊक होतं. मी घरातच होते.