दोन केबली, एक पाइप

परळच्या एका बड्या विमा कंपनीत देशभरच्या शाखांसाठी फोन-इंटरनेटच्या लाइनी भाड्याने घ्यायच्या आणि त्या चालू ठेवायच्या, हे नम्रता तांबेचे काम. बावीस वर्षे ती ते करत होती. तिचे वडील सीताराम टेलिफोन खात्यात केबल जोडायचे. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरण्यात त्यांची हयात गेली. नकाशा काय, कोणीही काढतो. पायी जाऊन बघावे, असे ते सांगत. म्हणून नवी लाइन घेण्याआधी नम्रता रस्ता चालून येई. ऑफिसात तिची थट्टा होई. सर्वात जास्त थट्टा तिचा साहेब हितेंद्र करी.

यंदा मुख्य कचेरीसाठी दोन कंपन्यांकडून एकेक लाइन घ्यायची होती. एक तुटली तरी दुसरी चालावी, म्हणून दोन्ही वेगळ्या रस्त्यांनी याव्यात, अशी अट होती. कागदावर एक लालबागकडून येत होती, दुसरी हिंदमाताकडून. मार्चमध्ये नम्रताने दोन्ही कंपन्यांची माणसे बोलावून हिंदमाताचा चेंबर उघडायला लावला. आत दोन्ही केबली एकाच पाइपात, एकमेकींना चिकटून. तिने फोटो काढले आणि ‘रस्ते तपासले, वेगळे आहेत’ या दाखल्यावर सही करायला नकार दिला.

काम झाले म्हणून हितेंद्र वरती सांगून बसला होता. त्याचे पित्त खवळले. सगळ्यांदेखत तो म्हणाला, "खड्ड्यात डोकावायची सवय तुमच्या घराण्याची. इथे पगार कागद वाचायचा मिळतो, मॅडम."

"कागद वाचला, सर. खोटा आहे."

त्या दिवसापासून तिला मीटिंगला बोलावणे बंद झाले. तिचे टेबल पँट्रीच्या दाराशी गेले. वर्षाच्या शेऱ्यात ‘सहकार्य करत नाही’ असे आले. जुन्या मैत्रिणीही डबा घेऊन दुसरीकडे बसू लागल्या. एका सहीने सगळे पूर्ववत झाले असते, हे तिला ठाऊक होते. तिने सही केली नाही. लाइनी मात्र सुरू झाल्या. दाखला सहीविना कोराच राहिला, कारण स्वतःची सही ठोकण्याइतका हितेंद्र खुळा नव्हता.

दोन महिन्यांनी हिंदमाताजवळ रस्ता खणताना तो पाइप तुटला. दोन्ही लाइनी एकदम मेल्या. देशभरच्या शाखा हातावर हात ठेवून बसल्या. दुपारी वरच्या मजल्यावरून फाइल मागवली गेली.

हितेंद्र पहिल्यांदाच पँट्रीच्या दाराशी आला. हातात ती फाइल, तिच्यात तोच कोरा दाखला.

"नम्रता, तू तर घरचीच. एवढी सही टाक. तारीख मार्चची घाल."

"घरची कसली, सर? माझं घराणं खड्ड्यातलं."

तिने फाइल घेतली, कागद बाहेर काढला. आजची तारीख घातली. छापील मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिले: ‘दोन्ही केबली एकाच पाइपात. मार्चमध्ये पाहिले, साहेबांना त्याच दिवशी सांगितले. फोटो सोबत.’ मग सही केली.

हितेंद्रने हात पुढे केला. तिने कागद दिला नाही. तो फोटोंसह फाइलीत घातला आणि फाइल काखेत मारून ती जिन्याने वर चालू लागली.