बोल लावून घेणारी बाई

वनिताबाई रस्त्यात कुणालाही आधी ओळख देत नसे. समोरून माणूस आला की तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं जायची. तुम्ही बोललात तर ती थांबायची, हसायची, घरच्यांची चौकशी करायची. नाही बोललात तर तुम्ही तिच्या लेखी विजेचा खांब. मला हा माज वाटायचा. डोक्यावर बर्फाच्या लाद्या वाहून मी दोन बोटींचा मालक झालो. बंदरावर लोक मला आधी रामराम घालतात. ही कोण लागून गेली?

ती एका संस्थेत होती. अलिबाग ते मुरूडपर्यंतच्या गावांत ज्यांना एचआयव्ही आहे, त्यांच्या गोळ्या चुकू नयेत हे बघायचं, कुणी दवाखान्यात यायचं थांबलं की त्याला शोधून परत न्यायचं, हे तिचं काम. तिनं रस्त्यात ओळख दाखवली तर तो माणूस गावाच्या तोंडी जाईल, म्हणून ती गप्प असायची. पण हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं की ही बाई कुठल्याशा संस्थेत आहे, अधूनमधून मासळी घ्यायला येते आणि भाव करताना माझ्यासारख्यालाही घाम फोडते.

"नाखवा, या पापलेटाचा डोळा बघा," ती म्हणायची. "म्हातारीच्या मोतीबिंदूपरास पांढरा झालाय. हा ताजा?"

"नको तर राहू दे, बाई. गिऱ्हाइकं खूप आहेत."

"मग त्यांना वास येत नसंल!"

मासळी घेऊन झाली की ती बर्फाच्या शेडमागं जायची. माझा धाकटा भाऊ मागोमाग जायचा. तो माझ्याच बोटीवर खलाशी, लग्न न झालेला. दोघं हळू आवाजात बोलायची. बंदरावर असल्या गोष्टीला वेळ लागत नाही. लिलावाला बसलेल्या बायका एकमेकींना कोपर मारू लागल्या. ही विधवा, त्याच्याहून वयानं मोठी. बाप गेल्यावर ज्याला मी वाढवला, त्याचं नाव असं निघावं?

एका सकाळी भर लिलावात मी तिला अडवली. "माझ्या भावाशी तुझा काय संबंध?"

"नाखवा, आवाज खाली."

"का? ऐकू दे बंदराला! शेडमागं काय चालतं तुमचं?"

सगळा लिलाव थांबला. भाऊ बोटीवर दोर धरून उभा होता, तोंडावरचं रक्त उतरलेलं. वनिताबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. मग पदर खोचून मला म्हणाली, "हाय संबंध. बोला पुढं."

पुढं मी जे बोललो ते कुणीही मोठा भाऊ बोलला असता. ती शेवटपर्यंत ऐकून घेऊन निघून गेली. बायका हसल्या. ती बंदरावर यायची बंद झाली. भावानंही तिला भेटणं सोडलं, आणि लोक पाळत ठेवतील या भीतीनं अलिबागला दवाखान्यात जाणंही सोडलं. हेही मला नंतर कळलं.

मग पावसाळ्यानंतरच्या हंगामात, ज्या घराच्या ओट्यावर पाय ठेवलास तर बघ म्हणून मी तिला बजावलं होतं, त्याच ओट्यावर ती येऊन बसली.

"भाऊ कुठं हाय?"

"बोटीवर. तुला काय करायचंय?"

"बोट परत बोलवा. आज."

बर्फ नि डिझेल भरून बोट आदल्या दिवशी गेली होती. जाळंसुद्धा नीट पडलं नसेल. मी म्हणालो, "कारण सांग, बोट फिरवतो."

"त्याला ताप हाय. एसटी स्टँडवर बघितला मी परवा. धाप लागत होती."

"ताप सगळ्यांना येतो. खरं कारण सांग."

"ते माझ्याजवळ हाय, पण माझं न्हाय. जे माझं न्हाय ते मी कसं द्यावं?"

मी आयुष्यभर सौदे केले. समोरचा कुठं मोडतो ते मला दिसतं. मी ओरडलो, तिच्या संस्थेत तक्रार करीन म्हणालो. मग गोडीनं घेतलं, पुन्हा बंदरावर ये, कुणी ब्र काढणार नाही, असं वचन दिलं. ती ओट्यावरून हलली नाही. शेवटी म्हणाली, "नाखवा, माझ्यावर राग धरा. जल्मभर धरा. पण आधी वायरलेस उचला."

तिनं माझ्यापुढं हात जोडले. भाव करताना त्या बाईनं कधी कुणापुढं हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मी वायरलेस उचलून बोटीला माघारी फिरायला सांगितलं.

भावाला दोघांच्या खांद्यांवर टाकून उतरवला. गाडी मी चालवली. ती मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि वाटभर त्याला म्हणत होती, "श्वास मोज. बाकी कायपण मोजू नको." अलिबागच्या दवाखान्यात तिनं मला दाराबाहेर काढलं. माझ्या रक्ताचा भाऊ आत, आणि त्याच्याजवळ परकी बाई. दोघांच्या मधे बंद दार. ते दार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

क्षयानं छाती भरली होती. तो वाचला. अंगात जोर आल्यावर त्यानं स्वतःच मला एचआयव्हीचं, गोळ्यांचं, सगळं सांगितलं. हे लिहिण्याआधीही त्याला विचारलं. म्हणाला, "नावं बदल, बंदर सांगू नको, मग लिही, दादा." तसंच केलंय.

त्यानं सांगितलं त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. "एका शब्दानं मला आवरता आलं असतं. का नाही आवरलंस?"

"त्याला विचारलं होतं मी, दादाला सांगू का म्हणून. म्हणाला, दादा औषधाआधी आवाज काढंल."

 मी म्हणालो, "उद्या लिलावात सांगतो सगळ्यांना, तुझं काही नव्हतं म्हणून."

ती ताडकन उठली. "खबरदार! नाद नव्हता तर बाई कशाला यायची, हे पहिलं विचारतील. मग काय सांगाल? माझं नाव ऱ्हाऊ द्या तसंच. माझ्या अंगाला त्याचं वजन लागत न्हाय."

तिच्या नवऱ्याला एचआयव्हीनंच नेलं होतं आणि तीही त्याच गोळ्या घेत होती, हे भावाकडून कळलं. तिनं नाही सांगितलं. माझा राग गेलेला नाही. जो ऋण फेडू देत नाही, त्याच्यावर माणसानं रागवायचं नाही तर काय करायचं?

गेल्या वर्षी आमच्या भागातलं संस्थेचं काम बंद झालं. तिला पेणकडं पाठवलं. जाण्याआधी ती बंदरावर आली, भावाला पुढची व्यवस्था सांगायला. लिलाव भरात होता. तिला पाहताच कोपरं हलू लागली. एक जण मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "नाखवा, तुमची भावजय आली बघा!"

सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. भाऊ जाळं ओढायचा थांबला. माझ्या जिभेवर काय काय आलं ते लिहिण्यासारखं नाही.

"हो, आली," मी म्हणालो. "सरका जरा. बसू द्या तिला."