घास बेताचा

कान्हे गावच्या स्टेशनाजवळ एका मिस्त्रीचं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेलं काहीही न्या, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "घास केवढा दिलाय?" मग स्वतःच हसतो. आधी पोट हलतं, आवाज मागून येतो.

यंदा जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीला त्याने शेवटच्या निशाणापाशी छोटा कॅमेरा बसवला होता. पहिल्या नंबरावरून दोन गाडामालकांत जुंपली, म्हणून कॅमेऱ्यातलं चित्रण वायरीवरून मांडवातल्या कॉम्प्युटरवर मागवलं, तर ते मध्येच अडकलं. दोहोंपैकी एक गाडा त्याच्याच घरचा.

"मुद्दाम अडकवलंय!" कुणीतरी ओरडलं.

तो धुळीतच मांडी घालून बसला. "एवढीशी मेमरी, अन् येवढाले तुकडे! लेकराच्या तोंडात अख्खी भाकर कोंबली की आमी," असं पुटपुटत त्याने एका वेळी पाठवायचा तुकडा लहान केला.

चित्र सरसर आलं. त्याच्या घरचाच गाडा डोळ्याचं पातं लवण्याइतकाच मागे पडलेला, चित्रावरच्या घड्याळासकट दिसला.

जिंकलेल्यांच्याही आधी भंडारा उधळला तो त्यानेच. पोट गदागदा हलत होतं.

"अडकलं का कुटं? सांगा की, अडकलं का?"