हाय आणि न्हाई

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिरूरला आमच्या पुढच्या खोलीत व्यवहार ठरला. रक्कम अठरा हजार, निम्मी आगाऊ. हजर मी, राहू गावचा एक गुऱ्हाळवाला आणि त्याची बायको. छोट्या धंद्यांची ऑनलाइन दुकानं मी घरूनच तयार करून देतो.

त्याला गूळ, काकवी आणि गुळाची पावडर विकायची होती. काम सोपं होतं, अडलं एका शब्दावर. माल शिल्लक असला की वस्तूखाली 'उपलब्ध' असं दिसतं.

"उपलब्ध म्हणलं की सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या वाटत्यात," तो म्हणाला. "हाय न्हाईतर न्हाई. एवढंच लिव्हा."

"पुण्याचं गिऱ्हाईक हसेल."

"हसू द्या की. हसत हसत घेईल."

"यांचं सगळ्याला हायच असतंय," बायको म्हणाली. "उसनं मागायला आलेल्यालाबी."

संक्रांतीला माल चांगला खपला. पुढच्या पंधरवड्यात एका पहाटे गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवता पेटवता तो जागीच गेला.

तेरावं झाल्यावर त्याच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला. "गुऱ्हाळ बंद हाय भाऊ. दुकानात न्हाई करा."

मी केलं. सकाळी चहा घेताना पाहिलं, तर तिन्ही वस्तूंखाली 'हाय'.

बदल कोणी केला याची नोंद दुकानाच्या आतल्या बाजूला राहते. बदल त्याच्याच मोबाइलवरून झाला होता, पहाटे, चुलवाण पेटवायच्या वेळेला. घरातल्या कुणीतरी हात लावला असेल, असं समजून मी पुन्हा 'न्हाई' केलं. दुसऱ्या पहाटे पुन्हा 'हाय'. लोक मागणी नोंदवत होते, पैसेही भरत होते.

मी राहूला गेलो. गुऱ्हाळात रस आटवायची काहील पालथी घातलेली, आणि तरी पाकाचा वास येत होता. वहिनींनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. आत त्याचा मोबाइल होता, बंद. चार्जरला लावला, तरी सुरू झाला नाही.

तिथं सासरे आणि धाकटा दीर होते. दीर म्हणाला, "दुकानच काढून टाका साहेब. पाडव्याला गुऱ्हाळ मी चालवायला घेतोय."

"तिनं अजून व्हय म्हणलेलं न्हाई," सासरे म्हणाले.

"न्हाई तरी कुठं म्हणलंय, आबा?"

वहिनींनी मोबाइल परत कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला खोचली. सगळ्यांसमोर मी दुकानातून त्याचा मोबाइल काढून टाकला, पासवर्ड बदलला. आता आत जाता येणारा मी एकटाच उरलो. तिन्हीखाली 'न्हाई' करून घरी आलो.

सकाळी 'हाय'. नोंदीत बदल करणारा म्हणून माझंच नाव होतं.

"झोपेत गूळ विकताय की काय?" आमच्या घरात थट्टा झाली. मी हसलो नाही. त्या रात्री कॉम्प्युटरची पिन काढली, मोबाइल बंद करून बायकोच्या उशाखाली ठेवायला दिला. सकाळी तो तिथंच, बंदच होता. दुकानात 'हाय', आणि नोंदीत माझंच नाव.

मी वहिनींना जसंच्या तसं सांगितलं. 

"म्हंजी आता तुमच्या हातानं करून घेत्यात," त्या म्हणाल्या.

हात माझाच होता, पण मी तो दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिलो.

"मागणी किती जणांची हाय?" त्यांनी विचारलं.

"अकरा. पैसे परत करतो."

"नका करू. दुकान हाय म्हणतंय, आन् मी कशी न्हाई म्हणू? दिराला सांगते, गुऱ्हाळ मीच चालवणार."

पाडव्याला त्यांनी स्वतः चुलवाण पेटवलं. अकराही जणांचा गूळ गेला. त्या दिवसापासून दुकानात आपोआप काही बदललं नाही.

पुढे एकदा ऊस आला नाही, म्हणून त्यांनी 'न्हाई' करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला.

"राहिलं का?"

"राहिलं."

त्यांनी आणखी एकदा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. मग म्हणाल्या, "बरं."

उरलेले नऊ हजार द्यायला त्या शिरूरला आल्या. सवयीनं मी पावतीवर त्याचं नाव लिहायला घेतलं.

"माझं लिव्हा भाऊ," त्या म्हणाल्या.

नऊ हजार रोख, वहिनींकडून मला मिळाले. पावती त्यांच्या नावानं केली.